घाट उतरण्यापुरतं टायर

टायर निवडण्याच्या बाबतीत आमच्या मामेसासऱ्यांइतका छळवादी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. हे मी रागानं लिहितोय असं कुणाला वाटलं तर ते बरोबर आहे. रागानंच लिहितोय. टायरं किती? दोन. जीपची नव्हेत, ट्रकची नव्हेत, जीपच्या मागे ओढायच्या एका जुनाट ट्रेलरची दोन टायरं! तेवढ्यासाठी या गृहस्थानं मला वर्षभर नगर, श्रीरामपूर, कोल्हार, शेवगाव असं गरागरा फिरवलं. नगरात माझं ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पण त्या वर्षात गिऱ्हाईक आलं की दुकानात माझी बायको बसलेली असायची आणि सांगायची, "ते मामांबरोबर टायरं बघायला गेलेत." शेवटी शेवटी लोक माझ्याच दुकानात टायरं मिळतात का म्हणून विचारायला लागले.

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, शेवगावकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी नगरच्या लष्करी छावणीत टायरांच्या गोदामावर काढली आणि मग गावाकडे शेतीवर परत गेले, ते डोक्यात टायर घेऊनच. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची त्यांना सवयच नव्हती. दारात कुणाची गाडी आली की मामा आधी वाकत. पाहुण्याला वाटे, एवढा वडीलधारा माणूस आपल्या पाया पडतोय की काय. तो बिचारा "अहो, अहो" करत मागे सरे, तोवर मामांचा अंगठा पुढच्या चाकावर टेकलेला असे. "डाव्या अंगानं जास्त खाल्लंय. वळनावर लई घाई करता राव तुमी," असं मामा त्या चाकालाच सांगत. एवढं झालं की मग चहा. एकदा गावात मोठे साहेब दुष्काळाची पाहणी करायला आले होते. पुढारी हार घेऊन पुढे, मामा साहेबांच्या गाडीमागे उकिडवे बसलेले. साहेब निघताना मामा म्हणाले, "पिकाचं ऱ्हाऊ द्या सायेब, मागचं उजवं बदला आधी." साहेबांनी ते टिपून घेतलं, आणि त्या पाहणीतून मामांच्या तालुक्यात झालेलं तेवढंच काम असावं.

त्यांच्या पायातल्या चपलासुद्धा टायरच्या. तशा त्या काळी पुष्कळांच्या असत, पण मामांची अट अशी की डावी आणि उजवी दोन्ही एकाच टायरातून कापलेल्या हव्यात, आणि नक्षीचं तोंडही एकाच दिशेला. चांभार वैतागून म्हणायचा, "मामा, तुमी पायानं चालता का डिझेलवर?" टायर तपासायची त्यांची एक ठरलेली पूजाच असे. आधी अंगठा दाबायचा. मग काठीनं टिचकी मारून कान लावायचा. मग वास घ्यायचा. आणि शेवटी डोळे मिटून हात आत घालून पूर्ण गोल फिरवायचा, दाण्याच्या पोत्यात हरवलेली अंगठी शोधावी तसा. आतल्या बाजूला केसाएवढी चीर असली तरी ती मामांच्या बोटाला लागे. अख्ख्या तालुक्यात कुणीही टायर घेताना मामांच्या बोटाखालून घातल्याशिवाय घेत नसे. हे बोट ध्यानात ठेवा, कारण माझा पुढचा सगळा संताप त्या बोटावरच आहे.

लेकीचं, शालनचं, लग्नसुद्धा मामांनी टायर बघूनच ठरवलं. आधी एक मोठं बागायतदार स्थळ आलं होतं, ऊसवालं, स्वतःची जीप घेऊन. पोहे झाले, मुलगी बघून झाली, मंडळी खूश. मामा तेवढ्यात बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, "न्हाई जमायचं." का? तर, "चारी टायरं चार तऱ्हंची हायती. ज्याला गाडीला जोडीचं टायर घालावं वाटंना, त्यो लेकीला काय जोडीनं नांदवनार?" मामी आठ दिवस बोलल्या नाहीत. मग घाटाखालचं एक स्थळ आलं. माळशेज उतरून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की एक गाव आहे, तिथं मुलाची भाताची गिरणी. मुलगा जवळच्या गावी आपल्या पाहुण्यांकडे उतरून तिथून सायकलवर आला होता. त्या सायकलची दोन्ही टायरं सारखी झिजलेली आणि ट्यूबची ठिगळं नीट घासून बसवलेली, एवढं बघून मामांनी हो म्हटलं. मुलगा खरोखरच फार चांगला निघाला, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

आता मामींकडे यायला हवं, कारण ट्रेलरचं मूळ तिथं आहे. मामी म्हणजे कमी बोलणारी, पण बोलली की विषय संपवणारी बाई. आमच्याकडे जुन्या घरांतून एक रीत असे: लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मूल झालं की मग घर आपलं. बहुतेकांच्या बाबतीत ही अडचण वर्षा-दोन वर्षांत आपोआप सुटते. शालनच्या लग्नाला सात वर्षं होत आली तरी सुटली नव्हती. या सात वर्षांत मामी लेकीच्या घरी दोनदाच गेल्या. पहाटेच्या एस.टी.नं निघायचं, बरोबर घरच्या पाण्याची कळशी, लेकीच्या ओट्यावर घटकाभर बसायचं, तिच्या तोंडावरून हात फिरवायचा, आणि उपाशीतापाशी परतीची गाडी पकडायची. शालन आत स्वयंपाक करून ठेवायची आणि आई गेल्यावर तो गड्यांना वाढायची. मामांनी मामींना पुष्कळ समजावलं. मामी म्हणायच्या, "माज्या सासूनं पाळलं, आयनं पाळलं. म्या मोडलं आन् पोरीचं काय वंगाळ झालं तर?" या 'तर'पुढे मामांचं काही चालत नसे.

अशात नगरच्या छावणीत लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव निघाला. रणगाड्यांच्या साखळ्या, मोडके दिवे, तंबू, आणि त्यात कोपऱ्यात एक ट्रेलर. साधा नव्हे, राहायचा. कुणा इंग्रज साहेबानं कधीकाळी करून घेतलेला, दोन चाकांवरची पत्र्याची खोलीच होती ती. आत दोन फळ्यांचे बिछाने, एक खिडकी, भांड्यांची मांडणी, स्टो ठेवायला कट्टा. मामा त्याच्याभोवती फिरले, आत जाऊन बसले, बाहेर आले आणि माझा हात धरला. "जावईबापू, सापडलं! लेकीच्या दारात न्हेऊन हुबा करायचा. आपलं घर, आपली चूल, आपलं पानी. मामी आठ दिस ऱ्हाईल लेकीजवळ. रीत बी मोडत न्हाई." मला ही कल्पना इतकी आवडली की मी तिथल्या तिथे म्हणालो, "माझी जीप आहे, मी ओढून नेतो." या एका वाक्याची किंमत मी पुढे वर्षभर मोजली.

ट्रेलर गावी नेऊन अंगणात लावला. मामींनी तो शेणानं सारवता येत नाही म्हणून नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी मांडणीवर त्यांचे डबे चढले. मी सांगतो, लिलावात आलेली टायरं तेव्हा उत्तम होती. खुद्द मामांनीच बोट फिरवून सांगितलं होतं, "काशीला जाऊन येतील." दिवाळी तोंडावर होती. भाऊबीज झाली की निघायचं ठरलं.

दिवाळीला शालन माहेरी आली, मीही बायकोला घेऊन तिथंच होतो. शालननं ट्रेलर बघितला. त्याच्याभोवती हळूहळू एक फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला, आत डोकावून आईचे डबे बघितले. मामा मागे मागे फिरत एकेक गंमत दाखवत होते. शालननं विचारलं, "बाबा, ह्यो दारातच हुबा ऱ्हाईल का?"

"मग! अगदी दारात. उंबऱ्याला टेकवून."

"आठ दिस?"

"तुजी आय म्हनंल तर म्हयनाभर."

शालन म्हणाली, "सगळ्या गावाला दिसंल मग," आणि पणत्या लावायला आत निघून गेली. मला वाटलं, पोरीला केवढा अभिमान वाटतोय! मी मामांकडे बघून हसलो. मामा हसले नाहीत. ते ट्रेलरच्या चाकाशी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी जाहीर केलं की ट्रेलरची दोन्ही टायरं बाद आहेत. मी उडालोच. "अहो, काशीला जाऊन येतील म्हणाला होतात!" मामा शांतपणे म्हणाले, "काशीला घाट कुटं हाय?" त्या दिवसापासून माझी साडेसाती सुरू झाली.

त्या दिवसांत नवी टायरं मिळणं म्हणजे काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. दुकानदार आधी ओळख विचारायचा, मग 'पुढच्या महिन्यात' म्हणायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ओळख विचारायचा. नगरच्या रशीदभाईंचं टायरांचं आणि जुन्या टायरांवर नवा थर चढवायचं दुकान होतं. माझ्या ओळखीखातर त्यांनी कुठूनतरी एक कोरी जोडी मिळवली, दुकानात लपवून ठेवली आणि मला निरोप धाडला. मी दुकान टाकून शेवगावला गेलो, मामांना घेऊन आलो. मामांनी अंगठा दाबला, टिचकी मारली, वास घेतला, हात फिरवला आणि म्हणाले, "लई ताठ हाय. ह्ये कुनाचं ऐकायचं न्हाई." रशीदभाई म्हणाले, "मामा, टायर घेताय का सून करताय?" मामा चहा पिऊन उठले. ती जोडी त्याच संध्याकाळी दुसऱ्यानं नेली, आणि रशीदभाईंना तोंड दाखवायची मला पंचाईत झाली.

मग आम्ही श्रीरामपूरला गेलो. तिथलं टायर मामांना 'फार हसतं' वाटलं. टायर कसं हसतं हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं. मग पुन्हा छावणीतला लिलाव. तिथं खोल खाचांची दणकट लष्करी टायरं होती, चिखल असो, खडक असो, वर चढणारी. मी म्हटलं, आता बोला! मामा म्हणाले, "ही लढाईला जानारी हायती. आपल्याला लेकीकडं जायाचंय." मग कोल्हारला उसाच्या टायरगाडीवाल्यांकडे. प्रवरेच्या काठी एक गाडीवान बैल सोडून भाकरी खात बसला होता. मामा त्याच्या गाडीखाली शिरले आणि इतका वेळ आत राहिले की गाडीवान भाकरी टाकून मला विचारायला लागला, "पाव्हनं आजारी हायती का?" तिथंही नाही. प्रत्येक ठिकाणी टायर चांगलं असे म्हणूनच मामा नको म्हणत, असं मला आता आठवून वाटतं. तेव्हा एवढंच कळत होतं की पावसाळा कोरडा गेला, दुसरी दिवाळी आली, आणि ट्रेलर अंगणात विटांवर उभा आहे. मामींच्या डब्यांवर धूळ बसलीय. मामींनी एकदा मला आत बोलावून हळूच विचारलं, "जावईबापू, खरंच टायरं मिळत न्हाईत का ह्यांलाच जायाचं न्हाई?" त्या बाईचे डोळे बघून माझा राग असा काही चढला की मी तडक मामांसमोर गेलो. म्हटलं, "मामा, या आठवड्यात टायरं घेतली नाहीत तर मी जीप विकतो आणि मामींना एस.टी.त बसवून देतो. ओट्यावर बसून येऊ देत पुन्हा उपाशी."

मामांनी हातातली तंबाखू दाढेला लावली. मग म्हणाले, "चला नगरला."

रशीदभाईंच्या दुकानामागे बाद टायरांचा ढीग होता. चपलावाले आणि मोटेचे, बादल्यांचे पट्टे कापणारे तो माल नेत. मामा दुकानात शिरलेच नाहीत, थेट ढिगाकडे गेले. तासभर उपसाउपस करून दोन टायरं काढली. त्यातल्या एकात हात घालून गोल फिरवला, एका जागी थांबवला, पुन्हा फिरवला, पुन्हा त्याच जागी थांबवला. एवढ्या समाधानानं त्यांना टायराकडे बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. "ह्येच," ते म्हणाले.

रशीदभाई कळवळून म्हणाले, "मामा, ये चपलेचा माल आहे. याच्यावर थर चढवला तरी किती दिवस?"

"चढवा थर. घाट उतरंल का त्येवडं सांगा."

रशीदभाईंनी टायर उचलून उजेडात धरलं, मामांकडे बघितलं, पुन्हा टायराकडे बघितलं. "घाट उतरेल. पुढचं अल्ला जाने."

"बास," मामा म्हणाले.

मी किती ओरडलो ते इथे लिहीत नाही. कोरी जोडी नाकारली, लष्कराची नाकारली, आणि घेतलं काय तर चपलेचा माल! रशीदभाई मात्र माझ्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. उलट त्या दिवशी त्यांनी मामांना दारापर्यंत पोचवलं.

निघायच्या दिवशी तर कहर झाला. ते दुष्काळाचं वर्ष. गावच्या विहिरीत खडखडाट, टँकर येईल तेव्हा बाया भांड्यांनी भांडत होत्या. आणि आम्ही त्या गावचं पाणी पिंपात भरून कुठं नेत होतो, तर कोकणच्या वाटेवर, जिथं अंगणाअंगणात विहिरी भरलेल्या असतात! शेजारणी आमच्याकडे बघून काय म्हणत होत्या ते मी ऐकलं आहे. बरं, पिंप न्यायचं तर खाली ठेवावं. मामांनी ते वरच्या फळीवर चढवलं आणि बरोबर त्याच्याखाली बाजरीच्या आणि ज्वारीच्या पिठाची पोती ठेवली. मी म्हटलं, पिंप खाली घ्या. "उंचावर पानी थंड ऱ्हातं," मामा म्हणाले. मी म्हटलं, निदान जुन्या टायरांपैकी एक जादा म्हणून घेऊ. "कशाला वजन? अपशकून करू नगा." मामी पुढे माझ्याशेजारी बसल्या, मामा मागे पाय पसरून. मी दात-ओठ खात जीप काढली.

घाटापर्यंत आणि घाटात मामांनी माझा जीव खाल्ला. "हळू. अजून हळू. वळन आलं. काटा कुटं चाललाय तुमचा? म्या उतरून चालत येतो मागून." आणि खरोखर उतरले. माळशेजची सगळी उतरण हा माणूस ट्रेलरच्या बाजूनं, डाव्या चाकाकडे बघत पायी उतरला. मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. घाट संपला, सपाटी लागली, भाताची कापलेली खाचरं दिसायला लागली. मामा पुन्हा जीपमध्ये बसले आणि एकदम म्हणाले, "आता मारा की जोरात! काय बैलगाडी हाकताय?"

मला तेच हवं होतं. मी सगळा राग त्या पायाखाली घातला. शालनचं गाव दोन-तीन मैलांवर राहिलं असेल नसेल, मागे बंदुकीसारखा बार झाला. जीप आडवी-तिडवी झाली, थांबवली, उतरून बघतो तर ट्रेलर एका अंगावर झुकलेला. डाव्या टायराच्या चिंध्या. आत डोकावलो. पिंप फळीवरून खाली येऊन उपडं झालं होतं आणि शेवगावचं सगळं पाणी शेवगावच्या सगळ्या पिठात गेलं होतं. एक कोरडी मूठ शिल्लक नव्हती. मामी रस्त्याच्या कडेला दगडावर टेकल्या आणि एवढंच म्हणाल्या, "झालं."

मामा ट्रेलरभोवती फिरून आले. "आता काय करनार? देवाच्या मनात न्हाई." असं म्हणून त्यांनी ट्रेलरचं दार ओढून घेतलं, जीपला जोडणारा खिट्टा काढला आणि ट्रेलर रस्त्याकडेच्या आंब्याखाली आहे तसा सोडून देऊन आम्ही तिघं नुसत्या जीपनं पुढे निघालो.

दिवेलागणीच्या आधी शालनच्या दारात पोचलो. ती धावत बाहेर आली. मागे ट्रेलर नाही हे तिनं आधी बघितलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. मग आत गेली आणि पाय धुवायला पाणी घेऊन आली. दुसऱ्या हातात प्यायच्या पाण्याचा तांब्या होता, पण तो तिनं आईबापांपुढे केला नाही, सात-आठ वर्षांच्या सवयीनं माझ्याकडे केला. मी हात पुढे करणार तोच मामांनी मधेच तो तांब्या घेतला.

"अवं!" मामी म्हणाल्या.

मामांनी तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मिशा पुसत म्हणाले, "आपलं पानी आपल्या पिठानं पिलं. माजं नरडं सुकलंय. म्या मोडली न्हाई रीत, टायरानं मोडली. त्येला पाप लागू दे." आणि दारात आलेल्या शालनच्या नवऱ्याला म्हणाले, "पाव्हनं, भूक बी लागलीया."

तो आत जाऊन पाट मांडायला लागला. मामी ओट्यावरच उभ्या होत्या. उपास, उन्हं, दिवसभराचा रस्ता. शालन खांबाला धरून उभी, तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना. शेवटी मामी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आन गं इकडं. चक्कर आल्यावानी हुतंय मला." शालननं तांब्या इतक्या घाईनं पुढे केला की निम्मं पाणी मामींच्या लुगड्यावर सांडलं. मामी उरलेलं प्यायल्या. त्या रात्री शालननं भात, आमटी, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि मामींनी भाकऱ्या फार पातळ झाल्यात म्हणून तिला बोलून घेतलं. एवढी खूश झालेली पोर मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेलर आणायला गेलो. फुटलेलं टायर उलटून बघितलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. आतल्या बाजूला तळहाताएवढी जुनी चीर होती. चीर कसली, भोकच होतं! केसाएवढी चीर ओळखणाऱ्या माणसाचं बोट बरोबर इथंच दोनदा थांबलं होतं. मी ते टायर जीपमध्ये टाकलं, तरातरा शालनच्या ओट्यावर आलो आणि मामांच्या पुढ्यात आदळलं. मामा गूळ-भाकरी खात होते. "हे दिसलं नाही तुम्हाला? वर्षभर नाचवलंत मला, आणि हे दिसलं नाही?"

मामांनी भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला, टायरावर अंगठा दाबला, कान लावला, डोळे मिटून हात आत फिरवला. आतून मामींचा आवाज येत होता, त्या लेकीला भांडी कशी लावावीत ते शिकवत होत्या. मामा तो आवाज ऐकत तसेच हात घालून बसले. मग म्हणाले, "वय झालं, जावईबापू. बोटाला कळंना आताशा."

त्यांच्याकडे बघून मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दारात आठ दिवस उभा ट्रेलर म्हणजे गावाला दाखवायची पाटीच होती, की या घरात मूल नाही म्हणून आईबाप इथलं पाणी पीत नाहीत. शालननं ते एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मला तो अभिमान वाटला होता! मामा वर्षभर शोधत होते ते घाटात दगा न देणारं आणि लेकीच्या दारापर्यंत न पोचणारं टायर. असं टायर कुठल्या दुकानात मिळणार?

तरी माझा राग गेला नाही, आजही गेलेला नाही. मामांना मला एका शब्दानं सांगता आलं नसतं? एकदा तसं विचारलंही. मामा म्हणाले, "तुमाला सांगितलं आसतं तर तुमी बायकूला सांगितलं आसतं, आन् तिनं सांजच्याला मामीला." यात एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणूनही राग आहे.

ट्रेलर शेवगावला परत आणलाच नाही. शालनच्या नवऱ्यानं बैल जुंपून तो गिरणीमागे ओढून नेला, त्यात शालनच्या कोंबड्या अंडी घालतात. मामा पुढेही वर्षानुवर्षं तालुक्याची टायरं बोट घालून निवडत राहिले, आणि ते बोट एकदाही चुकलं नाही. आता मामा नाहीत. शालनला मूल झालं नाही. पण एकदा पाणी पिऊन झालं ते झालं. मामी दरवर्षी भातकापणी झाली की एस.टी.नं लेकीकडे जातात आणि महिना महिना राहून येतात. नगरला गाडी बदलायची असते म्हणून आदल्या दिवशी आमच्याकडे उतरतात. पिशवीत शालनसाठी लोणच्याची बरणी बसवताना, शेंगदाण्याचं गाठोडं कोंबताना त्यांचं एकच पालुपद चाललेलं असतं: "त्या मेल्या टायरानं बाटवलं मला, न्हाईतर म्या कशाला गेले आस्ते लेकीच्या घरी जेवायला?" मी पिशवीचं तोंड धरून उभा असतो. मामींची बरणी नीट बसेपर्यंत धरतो, आणि सकाळी त्यांना गाडीत बसवून देतो.